घंटा बाची, माठ त्यांचा

शाळांच्या स्मरणिका तुम्ही पाहिल्या असतील. रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव. पहिल्या पानावर संस्थापक, मग अध्यक्ष, मग हेडमास्तरांच्या फोटोंची रांग. त्यानंतर बोर्डात आलेली पोरं. अगदी शेवटी, जाहिरातींच्या अलीकडं, दाटीवाटीनं एक ओळ : शिक्षकेतर कर्मचारी. नावं नाहीत. नुसता आकडा.

माझा बा त्या आकड्यात आहे.

दोस्तहो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण शाळेचा इतिहास हेडमास्तरांच्या खोलीतून लिहिला की तो कसा दिसतो, हे आपण पुष्कळ वाचलं. आता तो पाण्याच्या माठापासून लिहून बघू. माठापाशी कोण उभा होता, ओंजळ कोणाची होती, हात कोणाचा चालत होता आणि कोणाचा चालत नव्हता. शाळेची खरी हजेरी तिथं लागायची.

मी सोनपेठचा. परभणी जिल्हा. गंगाखेड, परळी, पाथरी यांच्या मधलं गाव. आता तालुक्याचं गाव आहे, माझ्या लहानपणी नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलुख निजामाचा. माझ्या आज्याच्या तोंडी शाळेचे शब्दही निजामी : तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. म्हणजे प्राथमिक, मिडल, हायस्कूल. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिकवायची भाषा उर्दू. लोक मराठी आणि वरची शाळा उर्दू. गावातल्या चांगल्या घरच्या पोरांनाही ती चढण अवघड होती. मग महारवाड्यातल्या पोरानं त्या इमारतीकडं लांबूनच बघायचं. आज्यानं तेच केलं. तो येसकर होता. गावाचा सांगावा वाहायचा आणि संध्याकाळी घरोघर भाकर मागायची.

बा चौथी शिकला आणि शिपाई झाला. आमच्या भागातलीच एक मुलांची शाळा. तिचं नाव घेत नाही. एका शाळेचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. खाकी कपडे, मस्टरवर सही, महिन्याला पगार. आज्याच्या भाकरीपेक्षा हे लई मोठं होतं. येसकराची काठी एका पिढीत खाली पडली आणि हातात घंटेचा टोला आला.

बा घंटा द्यायचा. शाळेची घंटा ऐकून पेठेतली दुकानं उघडायची, बाया भाकरीला बसायच्या, गुराखी गुरं सोडायचे. गावाला वेळ बानं दिली. झाडलोट, बाकं लावणं, नोटिशी फिरवणं, हेडमास्तरांची सायकल पुसणं, सगळं बानं केलं. पण व्हरांड्यात तिवईवर ठेवलेला माठ त्याचा नव्हता. पाण्याला दुसरा शिपाई होता, वरच्या आळीतला. तोच माठ भरायचा, तोच वगराळ्यानं वरून वाढायचा. असा काही लेखी हुकूम नव्हता. कामाच्या वाटणीच्या कागदावर दोघंही 'शिपाई'. पण हे कागदावर लिहायची कोणाला गरजच नव्हती. मास्तरांना ठाऊक, पोरांना ठाऊक, बाला ठाऊक.

आम्ही महारवाड्यातली पोरं व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर ओंजळ करून बसायचो. पाण्याचा शिपाई आला तर पाणी. तो तालुक्याला टपाल घेऊन गेला की त्या दिवशी तहान. आणि माझा सख्खा बा, त्याच शाळेचा शिपाई, दहा पावलांवर उभा. त्याच्यानं मला पाणी देववत नव्हतं.

*

ही रीत सोनपेठच्या मातीत उगवलेली नाही. तिला सरकारी दप्तरात फार जुना पुरावा आहे.

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार पोरानं मुंबई सरकारकडं अर्ज केला : सरकारी शाळेत मला घेत नाहीत. सरकारनं कबूल केलं की न्याय पोराच्या बाजूचा आहे. आणि तरीही दार उघडलं नाही. कारण काय, तर एकट्यासाठी दार उघडलं तर बाकीचे शाळा सोडतील. लंडनच्या कंपनीच्या संचालकांनी १८५८ साली कळवलं की सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या आहेत. कागदावर दार उघडलं. पण दारात जो मास्तर उभा होता, तो तोच.

हे जोतीरावांनी नेमकं ओळखलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी जी साक्ष दिली, तीत शाळा वाढवा एवढंच मागितलं नाही. मास्तर कोण, हेही विचारलं. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, ते खालच्या पोरांत मिसळत नाहीत, म्हणून मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, ज्याला नांगर आणि वासला धरायची लाज वाटणार नाही असा माणूस शाळेत आणा, असं त्यांचं म्हणणं. शाळेचा स्टाफ हा जातीचा प्रश्न आहे, हे आपल्याला फार उशिरा कळलं. जोतीबांना तेव्हाच कळलं होतं.

मग सातारा. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्यातल्या सरकारी शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झालं. रजिस्टरला नंबर १९१४. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. भाषणं होतात, हार होतात. पण त्या शाळेत पोराला पाणी कोण देत होतं, हे भाषणात येत नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि संध्याकाळी तेच घरी न्यायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई येऊन नळ सोडील तेव्हाच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. शाळेतली सगळ्यात खालची नोकरी शिपायाची. पण सुभेदाराच्या हुशार पोराची तहान त्या खालच्या नोकराच्या मुठीत होती. जात म्हणजे काय, हे समजायला मोठे ग्रंथ लागत नाहीत. हा एक नळ पुरे.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे मास्तर मधल्या सुटीत आपल्या डब्यातली भाजीभाकर ह्या पोराला देत. बाबासाहेबांनी ती आठवण शेवटपर्यंत कृतज्ञतेनं सांगितली. आपणही नाकारू नये. पण मास्तरची माया मास्तरबरोबर निवृत्त होते. माणूस चांगला निघाला तर भाकर, वाईट निघाला तर उपास, याला हक्क म्हणत नाहीत. पुढं मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात तेच. फळ्यावर गणित सोडवायला भीमराव उठले की फळ्यामागं ठेवलेले डबे उचलायला पोरांची पळापळ. संस्कृत मिळालं नाही, फारशी घ्यावी लागली. आणि हा पोरगा कोणाचा? रामजी सुभेदारांचा, जे स्वतः पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. महार माणूस हेडमास्तर होऊ शकत होता, पण लष्कराच्या कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर त्याच्या पोराला गोणपाट.

१९२३ साली सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्याचं पाणी हातानं घ्यावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात चार वर्षांचं अंतर. आमच्या शाळेत घटनेचं सतरावं कलम आणि ओंजळ यांच्यात पंचवीस वर्षांचं पडलं.

*

मी आठवीत होतो तेव्हा शाळेत नवा मास्तर आला. आपला. राखीव जागेवर. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकलेला. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, खिशाला पेन. गावात त्याला खोली मिळाली नाही. सगळे 'बघू, बघू' म्हणाले. शेवटी तो आमच्या वाड्यातच राहिला. आम्हाला इंग्रजी शिकवायचा आणि रात्री कंदिलापाशी साताऱ्याची ती नळाची गोष्ट सांगायचा. स्टाफरूममध्ये त्याला खुर्ची होती, पण डबा तो प्रयोगशाळेत एकटाच खायचा. पाणी घरून बाटलीत आणायचा. तेव्हा मला ती ऐट वाटायची. पुढं कळलं, ती ऐट नव्हती.

१९७५ चा उन्हाळा. मी नववीत. परीक्षा चालू होती आणि पाण्याचा शिपाई गावाला गेला होता. घसा वाळून कोरडा. मी पायऱ्या चढून वर गेलो, झाकणी काढली, वगराळं बुडवलं आणि प्यालो. सरळ तोंड लावून. दुसऱ्यांदाही बुडवलं. तोवर व्हरांड्यात गलका झाला.

हेडमास्तरांनी मला मारलं नाही. ते शांतपणे बाला म्हणाले, "तुमच्या पोरानं माठ बाटवला. आता हा तुम्हीच घेऊन जा आणि फोडून टाका." इतकी वर्षं ज्या माठाला बाचा हात चालत नव्हता, त्याला आता बाचाच हात पाहिजे होता. बाटला ना, मग उचलायचं काम महाराचं. मेलेल्या ढोराचा न्याय माठाला.

बानं माठ उचलला. खांद्यावर घेतला. भरलेलाच. पाणी त्याच्या खाकी सदऱ्यावर सांडत होतं. मी मागं. भर पेठेतून तो माठ घेऊन चालला. दुकानदार बघायले, बाया बघायल्या. नदीच्या वाटेनं जाऊन फोडील, असं सगळ्यांना वाटलं. बा सरळ घरी आला. दारातल्या तिवईवर माठ ठेवला. मायला म्हणाला, "पेला आन." भरून मला दिला.

"पी. पानी तेच हाय."

आयुष्यात पहिल्यांदा बाच्या हातून मी शाळेचं पाणी प्यालो. घरी बसून.

दुसऱ्या दिवशी शाळेत नवा माठ आला. त्याचे पैसे बाच्या पगारातून कापले. नव्या मास्तरनं स्टाफरूममध्ये तोंड उघडलं नाही. रात्री तो आमच्याकडं आला, माठाकडं बघत बराच वेळ बसला आणि म्हणाला, "दादा, मी नोकरीला भ्यालो." बा म्हणाला, "भ्यावंच लागतं, गुरुजी. तुमी गेलात तर ह्या लेकरांला कोन शिकवील?" मी तेव्हा दोघांवरही चिडलो होतो. आज चिडत नाही. एकट्या माणसाचं धैर्य मोजायच्या आधी त्याला एकटं कोणी पाडलं ते बघावं.

१९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा त्या वेळी वीस वर्षांचा होता. आमच्यापैकी कोणाला तो ठाऊक नव्हता. शाळेत नागरिकशास्त्र होतं. त्यात हक्क पाठ होते.

*

दहावी झाल्यावर गंगाखेडहून परभणी आणि परभणीहून मनमाडच्या गाडीनं मी औरंगाबादला गेलो. आजचं छत्रपती संभाजीनगर. नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. मुंबई सोडून त्यांनी आपला मागास मराठवाडा निवडला. कॉलेजला पुढं नाव दिलं मिलिंद. नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. शाळेत आम्हाला प्रश्न विचारायची चोरी. इथं कॉलेजचं नावच प्रश्न विचारणाऱ्याचं.

आणि इथला स्टाफ बघा. म. भि. चिटणीस प्राचार्य होते, जन्मानं सवर्ण. त्यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. गंगाधर पानतावणे इथं शिकवत. त्यांचं 'अस्मितादर्श' ह्याच वातावरणातून निघालं. दार सगळ्या जातींच्या पोरांना खुलं. आपली संस्था काढली तेव्हा बाबासाहेबांनी जातीची शाळा काढली नाही. पहिल्या दिवशी मी वसतिगृहात काय केलं असेल? पाणी कोण वाढतं ते शोधलं. कोणीच वाढत नव्हतं. नळ होता. आपला आपण सोडायचा. मी उगीचच दोनदा प्यालो.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळ्यांना नांदेड जिल्ह्यात मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. माठाला हात लागला तर माठ फोडायचा, पाटीला नाव लागलं तर वस्ती जाळायची. गोष्ट एकच.

*

कोणी म्हणेल, हे जुनं झालं. आता फिल्टर आलेत. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांगच्या शाळेत दलित बाईनं रांधलेलं जेवण सवर्ण पोरांनी नाकारलं. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानात, जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावात, नऊ वर्षांचं पोर मेलं. माठातलं पाणी प्यालं म्हणून शिक्षकानं मारलं, असा घरच्यांचा आरोप आहे. देशाच्या स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याच आठवड्यात.

म्हणून पोरांनो, तुमच्याकडं एक काम मागतो. मोर्च्यापेक्षा लहान काम आहे, पण चिवट आहे. आपापल्या गावच्या शाळेत जा. जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघा, आपलं पहिलं पोर कोणत्या साली आलं ते लिहून घ्या. शिपायांचं मस्टर बघा. म्हाताऱ्या शिपायाला, झाडणाऱ्या बाईला भेटा, पाण्याचं काम कोणाकडं होतं ते विचारा. आज खिचडी कोण शिजवतं, आणि ती कोण खात नाही, तेही बघा. नावं लिहा. बाच्या वयाची माणसं झपाट्यानं जायलीत. त्यांच्याबरोबर अर्धी शाळा जाते.

बा गेला. माठ पुढं एका उन्हाळ्यात तडकला. मायनं तो फेकला नाही. त्यात माती भरून तुळस नाही, मिरची लावली. पुष्कळ वर्षं घरी मिरची विकत आणली नाही.

जयभीम.