शिकाऱ्यांच्या हातून वाढलेलं गोकुळ

आमच्या मुरुडच्या पोरांनी प्राणिसंग्रहालय पाहिलं ते फार उशिरा. तोवर जनावरं बघायची ती दारात आलेली. दरवेशी अस्वल घेऊन यायचा, माकडवाला डुगडुगी वाजवायचा, गारुडी टोपली उघडायचा. सूपभर ज्वारी घातली की खेळ संपला. अस्वलाच्या नाकातल्या दोरीकडं कुणी बघत नव्हतं. माणसाच्या पोटासाठी जनावर नाचतं, एवढंच ठाऊक.

म्हणूनच हेमलकशाची गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळावी. गडचिरोलीच्या भामरागड भागात बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथंच राहिले. आदल्याच साली आपल्याकडं बाहत्तरचा दुष्काळ. माणसं खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. तिकडं माडिया लोकांची भूक जंगलातल्या शिकारीवर भागायची.

एकदा शिकारी मेलेली माकडीण घेऊन चालले होते. पिल्लू जिवंत, आईच्या छातीला घट्ट चिकटलेलं. डॉक्टरांनी दरडावलं नाही, कायदा सांगितला नाही. तांदूळ न् कपडे देऊन पिल्लू मागून घेतलं. तीच बबली. प्राण्यांच्या अनाथालयाचा पाया तिनं घातला.

पुढं डॉक्टरांनी लोकांना सांगितलं, पिलं मारू नका, आमच्याकडं आणा, बदल्यात धान्य देऊ. ज्यांनी आई मारली तेच पिलं आणून देऊ लागले. बिबटे, अस्वलं, कोल्हे, हरणं, मगरी, साप, असं गोकुळ भरलं. शेजारी दवाखाना चालला, 1976 पासून आश्रमशाळाही. 2008 साली आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारी नियम आले, तशी मान्यताही घ्यावी लागली.

पण हे सगळं उभं राहिलं ते शिकाऱ्यांशी झालेल्या साध्या देवाणघेवाणीवर.

आज आपल्या शिवारात हरणं हरभऱ्यात पडतात, रानडुकरं उभं पीक लोळवतात. रातभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याला नुसतं ‘मुक्या जिवावर दया करा’ म्हणून कसं भागंल? हेमलकशात आधी माणसाच्या पोटाचं बघितलं, मग जनावराचा जीव मागितला. हा क्रम उलटा केला, तर दोघंही मरतात.