कवटीतील दाब आणि डोळ्यातील खूण

डोकेदुखी बहुधा आली तशी जाते. म्हणून जी जात नाही तिच्याकडेही आपण तितक्याच बेफिकिरीने पाहतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तर डोके दुखले की आधी हिवताप आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पहाटे अधिक दुखणारे, ओकारी होऊन थोडे हलके होणारे आणि आठवड्यागणिक बळावणारे डोके काही निराळे सांगत असते.

ते काय, हे उलगडावयास वैद्यकास फार काळ लागला. १७८३ साली एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रोने मांडले की कवटी ही हाडाची बंद पेटी आहे आणि मेंदू काही दाबून लहान होत नाही. मग अशा पेटीत गाठ वाढू लागली तर आतला दाब चढणारच. पण तो पाहावा कसा? १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केले, आणि १८६० मध्ये ग्रेफेने दाखविले की कवटीतील दाबाने दृष्टितंतूचे डोळ्यातील टोक सुजते. निदानाला खिडकी मिळाली.

शस्त्र मागाहून आले. १८८४ च्या नोव्हेंबरात लंडनला रिकमन गॉडलीने मेंदूतील गाठ काढली. रोगी महिन्याच्या आत जंतुदोषाने दगावला, पण वाट पडली. आपल्याकडे १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चांडी यांनी मेंदूशल्याचा विभाग उभारला. कवटीचे आतील चित्र काढणारे सीटी स्कॅन यंत्र रोग्यावर प्रथम चालले ते १९७१ साली.

हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. खूण आधी, शस्त्र नंतर, यंत्र त्याहून नंतर. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प आला, १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, २०१५ मध्ये चंद्रपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तरी पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता अनेक पावसाळ्यांत तोडला आहे. गाठ काढावयास दूरच्या शहरी जावे लागेल. पण शंका मात्र गावातच उपजली पाहिजे. डोळा पाहण्याचे यंत्र खिशात मावते. सूज दिसली नाही म्हणून गाठ नाहीच असे नव्हे; पण दिसली तर थांबण्यास सवड नाही. दाब वाढतच राहिला तर दृष्टी जाते, पुढे प्राणही. म्हणून ताप नसता रोज पहाटे डोके धरून उठणाऱ्यास गोळी देऊन परत पाठवू नये, एवढे तरी या इतिहासाने आपणांस शिकवावे.