‘ज्ञ’ दाखवणारे कार्ड

घरी संगणक असलेले विद्यार्थी आज वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा हट्ट धरतात. बहुधा खेळांसाठी, कधी चित्रफितींच्या संपादनासाठी. पण एके काळी संगणकाच्या पडद्यावर ‘ज्ञ’ हे एक अक्षर पाहण्यासाठीही स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. त्या कार्डाची ही हकीकत.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये पडद्याचे काम पाहणारे कार्ड वेगळेच असे; ते आतल्या खाचेत बसवत. त्यातले एकरंगी कार्ड चित्रे काढतच नसे. त्याच्या दृष्टीने पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, अशा २००० चौकटी. कार्डावरील एका चिपमध्ये २५६ चिन्हांचे ठसे कायमचे साठवलेले असत. ६५ हा अंक आला, की इंग्रजी कॅपिटल ‘ए’चा ठसा चौकटीत उमटे. एक अंक, एक ठसा, एक चौकट!

इंग्रजीचे यात भागले. देवनागरीचे काय? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, सांगितल्या गेलेल्या ग्रंथाचे नावच उदाहरणाला घेऊ: ज्ञानेश्वरी. उच्चाराच्या क्रमाने तो शब्द सुटा केला तर ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, दीर्घ वेलांटी असे ११ घटक मिळतात. डोळ्यांना मात्र चारच अक्षरे दिसतात. ‘शिक्षक’ शब्दात तर वेलांटी उच्चारात ‘श’नंतर येते आणि कागदावर त्याच्या आधी! शिवाय जोडाक्षरे शेकडो. इंग्रजी चिन्हे ठेवून ती २५६ ठशांत बसवणार कशी?

या प्रश्नावर १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत डॉ. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी काम केले. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि हे काम तेथे पुढे गेले. त्यातून ‘जिस्ट’ कार्ड आले. त्यामागची कल्पना साधी होती: साठवायचे ते वर्ण, उच्चाराच्या क्रमाने, त्यांचे आकार जुळवायचे काम कार्डाचे. त्यामुळे डीबेससारख्या, इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी नावे भरता येऊ लागली. वर्णांचे हे संकेतांक पुढे १९९१ साली ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक झाले. ‘क’ मराठीतला असो, गुजरातीतला वा कन्नडमधला, त्याचा संकेतांक एकच.

पण असे कार्ड प्रत्येक संगणकात नव्हते. विंडोज आल्यावर अनेकांनी सोपी वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट वापरात आले. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. त्या काळी टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली, की इंग्रजी चिन्हांचा काला समोर येई. हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. छापून घेतलेला कागद वाचता येई, पण साठवलेला मजकूर हरवल्यासारखाच. कारण साठवले होते ते आकारांचे तुकडे, वर्ण नव्हेत.

युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतला गेला. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि कार्डाचे काम सॉफ्टवेअरकडे गेले. जिस्ट कार्ड कालबाह्य झाले. पण आपण मोबाईलवर ‘ज्ञानेश्वरी’ लिहितो तेव्हा आत आजही तेच ११ घटक त्याच क्रमाने साठवले जातात.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. मुलांना आपापली नावे अशी सुटी करून लिहायला सांगा. ज्याच्या नावात जोडाक्षर असेल, त्याला त्या कार्डापुढचे कोडे चटकन उमगेल.