जॉन सायमन व लंडनचें आरोग्यशासन

विलायतेंतील सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणेचें श्रेय एडविन चॅडविक या कायदेपंडितास देण्याचा प्रघात आहे. त्याचा १८४२ चा अहवाल पाहतां तें अनाठायीं नाहीं. परंतु १८५४ त चॅडविकास अधिकार सोडावा लागला, आणि तरीहि काम पुढें चाललें तें एका शस्त्रवैद्यामुळें, याकडे दुर्लक्ष होतें.

जॉन सायमन (१८१६–१९०४) हा सेंट टॉमस रुग्णालयांतील. पटकीचें सावट असतां, ऑक्टोबर १८४८ मध्यें, सिटी ऑफ लंडननें त्यास आपला पहिला आरोग्याधिकारी नेमिलें. (लिव्हरपूलनें डॉ. डंकन यास आदल्याच वर्षीं नेमिलें होतें.) स्थिति अवघड होती. ज्या व्यापाऱ्यांच्या व घरमालकांच्या नगरसभेचें वेतन घ्यावयाचें, त्यांनाच त्यांच्या घरांखालील मलकूप बुजविण्यास सांगावयाचें! हातीं हुकूम नव्हता. अहवाल मात्र होते. ते वृत्तपत्रांत छापून येत, व सभेस ते दडपतां येत नसत.

१८५५ त तो मध्यवर्ती आरोग्य मंडळाचा वैद्यकीय अधिकारी झाला. पुढील वर्षींचा त्याचा अहवाल विशेष महत्त्वाचा. दक्षिण लंडनांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यांतून जात. १८४८–४९ च्या सांथींत दोघींचेंहि पाणी घाण होतें. दर दहा हजारीं लॅम्बेथच्या ग्राहकांत १२५, तर सदर्क-वॉक्झॉलच्या ग्राहकांत ११८ मृत्यु झाले. १८५२ त लॅम्बेथनें थेम्सच्या भरतीच्या हद्दीपलीकडून पाणी घेण्यास आरंभ केला. १८५३–५४ च्या सांथींत तेच आंकडे ३७ व १३० असे झाले.

हा पडताळा जॉन स्नो यानें सायमनच्या आधींच घेतला होता, व रोगाचें बीज पाण्यांतच आहे हें त्याचें अनुमान अधिक नेमकें होतें. सायमन त्या वेळीं दूषित हवेची कल्पना सोडावयास तयार नव्हता. हा त्याचा कमीपणा झांकण्यांत अर्थ नाहीं. तथापि स्नोचा ग्रंथ एका खासगी वैद्याचें मत होतें. सायमनचे आंकडे सरकारी दप्तरांतले होते, आणि ते नाकारणें कंपन्यांस कठीण होतें.

१८५८ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या आश्रयानें त्यानें निरीक्षकवर्ग उभारला. १८६६ च्या कायद्यानें तर स्वच्छता राखणें हें स्थानिक संस्थांचें केवळ ऐच्छिक काम न राहतां कर्तव्य झालें. पण १८७१ त आरोग्याचा कारभार दरिद्री-साहाय्याच्या खात्याशीं जोडण्यांत आला. तेथील कारकुनी शिरस्त्यांत वैद्याचा सल्ला मंत्र्यापर्यंत थेट पोंचेना, म्हणून १८७६ त त्यानें राजीनामा दिला. १८९० च्या आपल्या ग्रंथांत त्यानें स्नोचा सिद्धान्त पूर्णपणें गौरविला. स्नो १८५८ तच वारला होता.