चित्रातील घर आणि घरातील बाई

देवादिकांची व राजेरजवाड्यांची चित्रे आपण पुष्कळ पाहतो. परंतु चूल, भांडी, शिवणटिपण हाही चित्राचा विषय होतो, हे सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनी दाखविले. तिथले व्यापारी सधन झाले आणि घरात लावावयास घरसंसाराचीच चित्रे विकत घेऊ लागले.

ही चित्रे नुसती शोभेची नव्हेत. पुष्कळांत उपदेश आहे. निकोलास मास याचे १६५५ सालचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोलकरीण बसल्या जागी झोपली आहे, भांडी जमिनीवर पसरली आहेत, मांजर कोंबडी पळवीत आहे आणि मालकीण तिच्याकडे हात करून आपल्याकडे पाहून हसत आहे. ती बाई आळसाने झोपली की थकून, हे मात्र कोणी विचारीत नाही.

त्याच देशात ज्यूडिथ लेस्टर ही स्त्री-चित्रकार होऊन गेली. तिच्या १६३१ सालच्या चित्रात एक पुरुष शिवणाऱ्या बाईपुढे पैसे धरतो. बाई मान वर न करता टाके घालीत राहते. येथे बोल बाईला नाही. १६३६ साली ज्यूडिथचे लग्न झाले. त्यानंतरची तिची चित्रे फार थोडी सापडतात. तिची काही चित्रे फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावावर गेली होती. १८९३ साली तिची सही ओळखली गेली, तेव्हा कुठे तिचे नाव पुन्हा वर आले.

आपल्या कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मराठी बाई मोठ्या आस्थेने रेखाटली. आपल्या व्रतांच्या कहाण्यांचे किंकेड यांनी केलेले इंग्रजी पुस्तक १९१४ साली निघाले. त्यातील चित्रे धुरंधरांची. १९२० साली रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठीही त्यांनीच चित्रे काढली. लुगड्याची नेसण, दागिने सारे हुबेहूब. पण लिहिणारा गोरा अधिकारी. त्यामुळे जातीजातींचा पेहराव दिसला, बाईचा दिवस दिसला नाही. धुरंधरांची कन्या अंबिका यांनी पुढे स्वतः कुंचला हाती धरला, आत्मचरित्रही लिहिले.

आपल्या शिरोलीत ओतकामाचे कारखाने पाळ्यांवर चालतात आणि त्या पाळ्यांप्रमाणे घरोघर डबे भरले जातात. हे काम कोणत्या चित्रात आहे? मंडळाने रांगोळीबरोबर एखादी चित्रस्पर्धा ‘माझ्या घरातील काम’ या विषयावर ठेवावी, अशी माझी सूचना आहे. आणि चित्राखाली प्रत्येकीने आपली सही ठळक करावी.