पांढरी, काळी आणि ओल

गांवाला पांढरी आणि शेताला काळी म्हणण्याची चाल आपल्या भाषेंत फार जुनी आहे. काळी-पांढरी असें म्हटलें कीं गांव आणि त्याची शेती अशीं दोन्ही त्यांत आलीं. वतनाच्या कागदांतून आणि गांवकीच्या बोलण्यांतून हे शब्द इतके सवयीचे झाले आहेत कीं, त्यांच्या पोटांत घर कोठें व कसें बांधावें याचें एक शास्त्रच दडलें आहे याची जाणीव आपणांस सहसा होत नाहीं. आम्हांलाही ती फार उशिरां झाली, आणि झाली तीही एका भिजलेल्या दप्तरामुळें. ती हकीगत पुढें येईलच.

पुणें जिल्ह्याचा पूर्वेकडील टोंकाचा प्रदेश म्हणजे बारामती व इंदापूर हे दोन तालुके. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि बारामती गांवांतून वाहणारी कऱ्हा. परंतु तीन नद्यांचीं नांवें घेतलीं म्हणून हा मुलूख पाण्याचा होता असें कोणीं समजूं नये. पाऊस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आंतबाहेर, तोही लहरी. अशा प्रदेशांत घर बांधणाऱ्या माणसाला शत्रू दोन : ऊन आणि चोर. ओल हा शत्रू त्याच्या हिशेबांत नव्हताच असें मात्र नाहीं. वर्षांतून एकदोन वेळां कोसळणाऱ्या वळवाच्या सरीनें मातीच्या भिंतीचा पाया धुपूं नये म्हणून तो दगडाचें जोतें करी, त्यांत काळी माती न भरतां मुरूम भरी, आणि वर जाड मातीच्या भिंती उभारून त्यांवर धाबें घाली. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. शिवाय तिच्या बारीक कणांतून पाणी वर चढतें. मुरूम जाडाभरडा असल्यानें त्यांत पाण्याला चढण्यास वाट मिळत नाहीं. हें गवंड्याला कोणीं पदार्थविज्ञान शिकवून कळलें नव्हतें; जीं घरें पडलीं त्यांनीं तें त्याला शिकविलें.

आणि पडलेल्या घरांनीं आणखीही एक काम केलें. मातीचें घर पडलें कीं त्याची माती तेथेंच राहते, तिच्यावर नवें घर उठतें. शंभर-दोनशें वर्षें असें चाललें म्हणजे गांवाखालची जमीन भोंवतालच्या शिवारापेक्षां पुरुष-दोन पुरुष उंच होते. राख, शेण, चुना, भिंतींची माती यांच्या मिश्रणानें तिचा रंग फिका पडतो. तीच पांढरी. इंदापुरास मालोजीराजांची म्हणून जी गढी दाखवितात तिच्याकडे पाहतांना आपल्याला लढाई आठवते. पण गढी ही जशी तटाची वस्तु तशीच ती कोरडेपणाचीही वस्तु आहे. बारामतीस बाबूजी नाईकांचा वाडा कऱ्हेच्या कांठीं, पण पुराच्या रेषेवर उंच बांधलेला आहे. त्याच नाईकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनीं आपली अफाट ग्रंथरचना केली. पंत १७९४ मध्यें वारले. त्यांच्या पोथ्या टिकल्या याचें श्रेय रसिकांना देतांना, कोरड्या हवेला व उंच जोत्याला आपण विसरतों.

या मुलखांतील जमिनीवर लोकांचा किती विश्वास होता याची साक्ष पाहावयाची असेल तर ती पेवांत पाहावी. पेव म्हणजे धान्य सांठविण्यासाठीं जमिनींत खणलेला, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असा खड्डा. तळाला व बाजूंना कडबा किंवा तणस लावून आंत ज्वारी भरीत आणि तोंड मातीनें लिंपून टाकीत. वर्षभराचें, कधीं दोन-तीन वर्षांचेंही अन्न असें भुईच्या हवालीं केलेलें असे. पेव उघडल्यावर आंतील कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे. 'पेव फुटणें' हा वाक्प्रचार आपण आज कवींच्या व वक्त्यांच्या संख्येबद्दल योजतों, त्याचें मूळ या धान्याच्या भांडारांत आहे. ज्या मातींत ओल नाहीं अशी खात्री आहे तीच माती माणूस असा भाकरीचा खजिना सांभाळावयास देईल.

ही खात्री ज्यानें मोडली तो शत्रू म्हणून आला नाहीं, उपकारकर्ता म्हणून आला. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें कर्जबाजारी कुणब्यांनीं सावकारांचे कागद जाळले, आणि पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ पडला. या दोन गोष्टी डोळ्यांपुढें ठेवल्यावांचून नीरेच्या डाव्या कालव्याचें महत्त्व कळणार नाहीं. वीर येथें नीरेला बंधारा घालून काढलेला हा सुमारें शंभर मैलांचा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि त्याला पाणी पुरविणारें भाटघरचें धरण, ज्याच्या जलाशयास तेव्हां लेक व्हायटिंग म्हणत, तें १८९२ च्या सुमारास पुरें झालें. प्रारंभीं शेतकरी पाणी घेण्यास कचरत. पाण्याची पट्टी द्यावयाची आणि पाऊस पडला तर ती फुकट जावयाची, हा हिशेब त्यांना पटेना. पण १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं तो संकोच घालविला. सासवडकडील माळी बागाईतदार ऊंस लावण्यासाठीं कालव्याच्या मागोमाग खालीं उतरले. गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागला. विश्वेश्वरय्या पुणें जिल्ह्यांत एंजिनिअर असतां त्यांनीं पाणीवाटपाची 'ब्लॉक' पद्धत याच कालव्यावर घातली. पुढें १९२८ मध्यें भाटघरास जुन्या धरणाच्या जागीं लॉइड धरण उभें राहिलें, उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे गेला, आणि १९३४ मध्यें इंदापूर तालुक्यांत कळंबजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. ज्या प्रदेशांतून लोक दर दुष्काळांत परागंदा होत, त्यांत बाहेरून माणसें पोट भरावयास येऊं लागलीं. या उपकाराची किंमत कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं, हें येथेंच सांगून ठेवतों.

परंतु उंसाला दिलेलें सगळें पाणी उंसांत जात नाहीं. कांहीं कालव्याच्या तळांतून झिरपतें, कांहीं वाफ्यांतून. काळ्या मातीच्या खालीं मुरूम, त्याच्याखालीं कातळ; कातळ पाण्याला वाट देत नाहीं, म्हणून तें मुरमांतून सखल भागाकडे सरकतें आणि तेथें वर येऊं लागतें. कोरड्या हवेच्या मुलखांतील मातींत क्षार मूळचेच असतात. पावसाच्या अभावीं ते धुवून गेलेले नसतात. पाणी त्यांना विरघळवून वर आणतें, ऊन पाणी उडवून नेतें, आणि क्षार पृष्ठभागावर उरतो. चांगली काळी दहा-वीस वर्षांत खारवट व चोपण होते ती अशी. १९१० मध्यें मुंबई सरकारच्या शेतकी खात्यानें डॉ. हॅरल्ड मान व ताम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील क्षारांच्या जमिनींविषयीं लिहिलेली पुस्तिका प्रसिद्ध केली. हे मान म्हणजे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. पिंपळे सौदागर या गांवाची त्यांनीं केलेली पाहणी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. त्यांच्या मागून इंग्लिस व गोखले या एंजिनिअरांनीं दक्षिणेंतील कालव्यांवरील निचऱ्याचा प्रश्न हातीं घेऊन १९२८ मध्यें त्यावर आपला निबंध लिहिला. चर खणावयाचा तर तो मुरमाच्या थराला जाऊन भिडला पाहिजे, नुसत्या काळींत खणलेल्या चरांत पाणी येत नाहीं, ही गोष्ट या कामांतून स्पष्ट झाली.

या सर्व वाङ्मयांत जमिनीचा, पिकाचा व सरकारी उत्पन्नाचा ऊहापोह पुष्कळ आहे. घराचा विचार मात्र आम्हांस त्यांत फारसा आढळला नाहीं, आणि तें साहजिकही आहे. शेत बुडालें तर सारा बुडतो, भिंत ओलावली तर कोणाचेंच अंदाजपत्रक चुकत नाहीं. पण जें पाणी शेताखालीं चढलें तें घराखालीं थांबेल कसें? जुनी पांढरी उंच असल्यामुळें पुष्कळशी वांचली. पैसा आला तशी वस्ती मात्र गांव सोडून शेतांत गेली. कालव्याकांठच्या वाड्या, मजुरांच्या चाळी, बागाईतदारांचे बंगले हे काळींत बांधले गेले, आणि तेही पुष्कळदां सखल जागीं. दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच न्यायानें भिंतींत ओल चढते. कमरेइतकी चढल्यावर पाणी भिंतीच्या अंगांतून हवेंत उडतें आणि आणलेला क्षार तेथेंच स्फटिकरूपानें बसतो. स्फटिक वाढतांना विटेचीं छिद्रें फोडतो. गिलावा फुगतो, पापुद्रे निघतात, पांढरी भुकटी खालीं सांडते. याला आपल्याकडे लोणा लागणें म्हणतात. शेतांत ज्याला खार म्हणावयाचें तोच घरांत लोणा. पण शेतकरी शेताच्या खाराबद्दल कालव्याला दोष देतो आणि घराच्या लोण्याबद्दल गवंड्याला.

आतां त्या दप्तराविषयीं. नीरेकांठच्या एका घराण्याकडे मोडी कागदांचे कांहीं रुमाल असल्याचें कळल्यावरून आम्ही तेथें गेलों. जुना वाडा भावांच्या वांटण्यांत मोडला होता आणि कागद मळ्यांतील नव्या घरीं, माजघरांत, भिंतीला टेकलेल्या पेटींत होते. घरच्या आजीबाईंनीं मोठ्या आस्थेनें पेटी उघडली. वरचे दोन रुमाल धड होते. खालच्या रुमालाची एकच वडी झाली होती. ओल, बुरशी आणि वाळवी या तिघांनीं तो वांटून घेतला होता. "वाड्यांत होते तोंवर कांहीं झालं नाहीं हो," असें आजीबाई म्हणाल्या, आणि तें खरें होतें. वाड्यांत ते माळ्यावर होते आणि वाडा पांढरीवर होता.

त्या माजघराची भिंत आम्ही नीट पाहिली. मूळ मातीचा गिलावा काढून तिला खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केला होता, आणि सारवलेल्या भुईवर फरशी बसविली होती. शेणामातीच्या भुईंतून ओल हळूहळू उडून जात असे. फरशीखालीं कोंडल्यावर ती भिंतीकडे वळली, आणि सिमेंटनें तोंड बंद केल्यावर चार फुटांच्या वर जाऊन बाहेर पडली. मालकांनीं दोनदां गिलावा बदलला होता व तिसऱ्यांदा बदलण्याच्या विचारांत होते.

ओलीला अडवूं नये, तिला वाट द्यावी, हा विचार नवा नाहीं. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस यानें आपल्या सातव्या पुस्तकांत ओलसर भिंतीच्या आंत अंतर सोडून दुसरी पातळ भिंत बांधावी व मधल्या पोकळीला हवेचीं तोंडें ठेवावीं असें दोन हजार वर्षांपूर्वीं सांगितलें. अमेरिकेंत लांकडी घरें ठेंगण्या खांबांवर उचलून त्यांच्याखालीं माणूस रांगत जाईल एवढी पोकळी ठेवतात. तेथेंही जमिनींतून उठणारी वाफ तुळया कुजविते, म्हणून त्या मातीवर हल्लीं प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात. आपल्याकडे जोतें भरींव असतें, त्यामुळें उपाय निराळे : जोत्याच्या माथ्यावर भिंत सुरू होण्यापूर्वीं डांबराचा किंवा जलरोधक काँक्रीटचा अखंड पट्टा, फरशीखालीं धुतलेल्या खडीचा थर व प्लास्टिक, आणि बांधलेल्या घराला चुन्याचा श्वास घेणारा गिलावा. पण या सर्वांच्या आधीं भोंवतालच्या पाण्याचा निचरा. शेजारच्या उंसाला पाणी भरीत असतां घराच्या पायाला कोरडें राहण्यास सांगणें व्यर्थ आहे.

इंदापुराच्या वांट्याला तर १९८० नंतर उजनीचें पाणीही आलें. भीमेकांठचीं गांवें उठलीं. पळसदेवचें जुनें देऊळ आतां जलाशयांत असतें आणि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं उघडें पडतें. विस्थापितांच्या नव्या गांवठाणांना सरळ रस्ते मिळाले, प्लॉट मिळाले. शतकानुशतकें साचलेली पांढरी मात्र मागें पाण्याखालीं राहिली. ती कोणत्याही नुकसानभरपाईच्या यादींत मांडण्यासारखी नव्हती.

आजीबाईंच्या मुलानें आमच्या सांगण्यावरून घराच्या वरच्या अंगाला, उंसाच्या बाजूनें, एक खड्डा घेतला. साडेतीन हातांवर मुरूम लागला आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांत गुडघाभर पाणी होतें. तेथून ओढ्यापर्यंत चर काढून त्यांत दगडगोटे भरले आहेत. भिंतीचें सिमेंट खरवडून टाकलें आहे; ती वाळावयास एकदोन वर्षें लागतील असें आम्हीं त्यांस सांगितलें. पेटी वरच्या मजल्यावर नेली, आणि दोन धड रुमाल आम्ही नकलून घेत आहों.