पाऱ्याची फेअरनेस क्रीम किडनी कशी बिघडवते?

विदर्भातल्या अकोल्यातील एका तरुणीने स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम घेतली. चेहरा उजळला, कौतुक होऊ लागलं. ते पाहून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. २०२२च्या सुरुवातीला तिघींनाही किडनीचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला.

पारा काय करतो?
त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. पारा त्यालाच अडवतो, म्हणून रंग झटपट उजळतो. मात्र हाच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साचतो. किडनीची गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, पाय आणि चेहरा सुजतो.

नियम काय आहे?
सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवती लावायची उत्पादनं सोडली, तर इतरांमध्ये नकळत राहिलेला पाराही दहा लाखांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही.

तरीही अशा क्रीम का खपतात?
'मुलगी गोरी हवी' ही अट स्थळं पाहताना आजही घातली जाते. बिनलेबलची डबी याच अटीवर विकली जाते.

तुम्ही काय कराल?
डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना आणि बॅच क्रमांक नसेल तर ती घेऊ नका. सूज दिसली तर क्रीम थांबवा आणि डॉक्टरकडे जाताना डबीही सोबत न्या. काही दिवसांतच गोरेपणा आला, तर खूश होण्याआधी सावध व्हा.